बंबाखू आणि अंबुबाईचा टोमॅटो

रविवार, २० ऑक्टोबर २०२४. सकाळी धुके. साडेआठच्या रिक्षाने शेतावर गेले. शेजारच्या अंबुबाईने टोमॅटोचा उभा मळा उपटायला घेतला होता. तिचा मुलगा आदर्श बेळगावहून आला, बरोबर जमीन मोजायची टेप घेतलेला एक माणूस. मायलेकरांचे भांडण. मला मधे ओढले.

इतके लिहून डायरी मिटली होती. पण अंबुबाईबद्दल इतक्यात भागत नाही.

निपाणीच्या बाहेर, उताराला, माझ्या नवऱ्याची जमीन आहे. ती आता वाटेकऱ्याकडे असते आणि मी रविवारी जाऊन बघते. तिच्या खालच्या अंगाला अंबुबाईची पट्टी. मधे एक बांध. या बांधावरून तिची माझ्या सासूशी भांडणे होती, नवऱ्याशी होती, आणि दोघे गेल्यावर ती भांडणे वारसाहक्काने माझ्याकडे आली. मला ती आवडत नाही. तिलाही मी आवडत नाही. मी बेळगावच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले याचा तिला अजून राग आहे. चारचौघांत ती मला "मडम" म्हणते, आणि मी लांब असले की त्याहून वाईट.

बाई कामाला मात्र वाघ. नवरा यल्लाप्पा लवकर गेला, तेव्हा आदर्श शाळेत होता. तिने एकटीने तंबाखू पिकवली, त्या पैशावर मुलाला आयटीआयपर्यंत शिकवले. तो आता बेळगावला उद्यमबागेत कारखान्यात आहे. कामापुढे तिला भूक, ताप, पाहुणे काही सुचत नाही. ऐकणे मात्र तिच्या स्वभावातच नाही.

तिच्या तंबाखूत काही वर्षांपासून बंबाखू येऊ लागला. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. तंबाखूच्या बुंध्याशी जमिनीतून फिकट पिवळे कोंब वर येतात. हिरवे पान एकही नाही. हिरवेपणा नाही म्हणजे स्वतःचे अन्न स्वतः करता येत नाही, म्हणून तो खाली मातीत तंबाखूच्या मुळाला तोंड लावतो आणि तिने तयार केलेले पितो. वर तंबाखूचे पान पातळ पडते, वजन भरत नाही.

अंबुबाईने त्याला अळंबी ठरवले. "हिरवं न्हाय, पान न्हाय, म्हंजे अळंबीच की! ऊन पडलं की मरतीया." असे म्हणून ती कोंब उपटायची आणि आमच्या बांधावर फेकायची. मुद्दाम. मी बघत असताना जास्त.

"अळंबीला फूल येतं का?" मी एकदा विचारले. "हे बघ, जांभळी फुलं आहेत. ही झाडाची जात आहे, दुसऱ्याच्या जिवावर जगणारी. धुळीसारखं बी पडतं याचं, आणि ते मातीत वर्षानुवर्षं झोपून राहतं. आवडीचं मूळ जवळ आलं की जागं होतं. बांध वर आहे, तुझी पट्टी खाली. पावसात हे सगळं कुणाच्या रानात जाणार?"

"माझ्या रानाची काळजी तू नगं करू," ती म्हणाली. "तुझ्या शाळूत का येत न्हाय ते सांग आधी. काय करनी केलीयास?"

करणी कसली? शाळू म्हणजे ज्वारी, ती गवताच्या कुळातली. बंबाखूला तिचे मूळ चालत नाही. हे मी तिला सांगितले. माझ्या शब्दांत 'अडाणी' हा शब्दही होता, तो तिने बरोबर ऐकला.

गेल्या मार्चमध्ये आदर्शने विषय काढला. रस्ता रुंद होतोय, शेजारचे लोक प्लॉट पाडतायत, आई एकटी राबते, जमीन मोकळी करू आणि आईने बेळगावला येऊन राहावे. अंबुबाईने गल्लीतल्या लोकांसमोर त्याला सांगितले, "एक हंगाम दे. पीक बुडालं तर पाड प्लॉट. मी तोंड उघडनार न्हाय." जमीन राहणार की जाणार, ते या एका पिकावर आले.

तंबाखू लावायची नाही एवढे तिला कळले होते. तिने ऑगस्टमध्ये टोमॅटो लावायला काढला. मला राहवले नाही. रोपांच्या पाट्या उतरत होत्या तिथे मी गेले.

"अंबुबाई, तंबाखू, टोमॅटो, वांगं, बटाटा हे सगळे एका कुळातले. फुलं शेजारी ठेवून बघ, पाच पाकळ्या खाली जुळलेल्या. तंबाखूचं मूळ ज्याला चालतं, त्याला हेही चालेल."

रोपे लावणाऱ्या बाया हसू दाबत होत्या. अंबुबाईने कमरेवर हात ठेवले.

"टमाटू आन तंबाखू भावंडं व्हय? मग उद्यापासनं तू चुन्याला टमाटू लावून दाढंत धर की गं मडम!"

बाया खो खो हसल्या. मी नाही म्हणाले म्हणून तिने उरलेल्या तुकड्यातही टोमॅटोच लावला. भरपूर आला. हिरवी फळे धरली, ती मला ऐकू जाईल अशा आवाजात मोजू लागली. मग ऑक्टोबर लागला आणि बुंध्यांशी फिकट पिवळे कोंब वर आले. आधी खालच्या कडेला, मग सगळीकडे.

गेल्या रविवारी मी बांधावरूनच ओरडले, "फुलांत बी पिकायच्या आत काढ! नुसते कोंब नको, टोमॅटोही काढ. मुळं जिवंत ठेवलीस तर खाली जे अजून वर आलं नाही ते त्यावर पोसेल." तिने ढेकूळ उचलून माझ्या दिशेने भिरकावले. लागले नाही. तिचा नेम चांगला आहे, तेव्हा मुद्दामच चुकवले असणार.

आणि आज ती उपटत होती. फळांसकट. स्वतःच्या रानाच्या मधोमध ढीग, कोंब आणि टोमॅटो एकत्र, खाली तुरीच्या वाळक्या काटक्या, कडेला रॉकेलचा डबा. बांधावर काहीही नव्हते.

आदर्श आला तो ढिगाकडे बघतच. "आई, बुडालं की पीक. आता ठरल्यापरमानं."

"बुडालं न्हाय. मी काढलं."

"त्यात काय फरक हाय?"

"तुझा बा मेला का मी मारला, यात फरक हाय का न्हाय रं?" ती कडाडली. "जितं पीक हातानं काढलंय मी. फळं बघ हातात घेऊन. इचार त्या मडमला! ती काय माझी सोयरी न्हाय. माझं वाईट झालं तर पेढं वाटंल."

टेपवाला माणूस माझ्याकडे बघू लागला. आदर्श जवळ आला, आवाज खाली आणला. "काकू, तुमच्या पण फायद्याचं आहे. इथून रस्ता निघाला की तुमचं रानही रस्त्याला लागतं. एवढंच म्हणा, पीक गेलं होतं."

हे खोटे नव्हते. रस्ता माझ्याच बाजूने गेला असता. आणि ती बाई बेळगावला गेली असती, हेही मनात आले. मी हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"झाडं जिवंत होती," मी म्हणाले. "फळ धरलं होतं. दोन तोडे तरी मिळाले असते तिला. रान वाचावं म्हणून तिने सोडले."

आदर्शने आईकडे पाहिले. "आन आता काय लावनार?"

"शाळू. पयल्यापास्नं शाळूच लावनार व्हते मी." माझ्याकडे न बघता.

"शाळू यिऊ दे. सुगीला बघू," आदर्श म्हणाला, आणि त्याने टेपवाल्याला गाडीवर बसवले.

अंबुबाईने ढीग पेटवला. ओला धूर सरळ माझ्यावर आला. मी खोकत बाजूला झाले तशी ती म्हणाली, "खरं बोलायला एवढा येळ लागतोय व्हय गं तुला? कानव्हेंटात शिकलीस न्हवं?"

"तुझ्या बाजूने बोलायची सवय नाही."

"लावून पन घिऊ नगंस," ती म्हणाली, आणि काठीने ढीग ढवळू लागली.

घरी येऊन आंघोळ केली, लुगड्याला धुराचा वास होता ते भिजत घातले. संध्याकाळी मिटलेली डायरी पुन्हा उघडून शेवटची ओळ लिहिली: गॅसची डावी शेगडी नीट पेटत नाही, उद्या दुरुस्तीवाल्याला फोन करणे.