गुरुपुष्याचा चेहरा

"अरे मीच आहे, मी. दुसरं कोण असणार?"

इतिहासाचे सर आपल्या कोऱ्या लॅपटॉपवर ओरडत होते. आवाज असा, की सयाजीगंजात स्टेशनवरून सुटलेल्या एका बसच्या ड्रायव्हरनं आपल्यालाच कोणी हाक मारली समजून ब्रेक दाबला, असं नंतर सगळ्या विद्यापीठात बोललं जात होतं. बोलणारा मीच होतो, पण ते सोडा.

लॅपटॉपवर त्याचा काही परिणाम झाला नाही. पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ: तुम्हाला शोधत आहे.

विभागाचे शिपाईभाई पाण्याचा जग घेऊन दारात उभे होते. म्हणाले, "साहेब, ए तमने ओळखतुं नथी."

"मला सगळं बडोदं ओळखतं."

"बडोदा तो ओळखे छे, साहेब. मशीन नथी ओळखतुं."

अशा वेळी मला बोलावतात. मी विद्यापीठाचा कॉम्प्युटरवाला. कोणाचा प्रिंटर कागद खातो, कोणाच्या माउसवर मांजर बसतं, सगळ्यांचा उतारा माझ्याकडे. पूर्वी हे काम सोपं होतं. मशीन बंद करायचं, चालू करायचं, मधे गंभीर चेहऱ्यानं मान हलवायची. आता प्रत्येक वस्तूला अक्कल फुटलीय. एका बाईंच्या घरच्या टीव्हीनं पाहुण्यांसमोर विचारलं, "तुम्ही अजून बघताय का?" पाहुण्यांना वाटलं, त्यांनाच उठवताहेत. चपला घालून गेले. आणि अपडेट म्हणजे तर न कळवता आलेला जावई. तुम्ही कितीही घाईत असा, आधी त्याचं सगळं करायचं, मग तुमचं.

सरांची घाई खरी होती. थोड्याच वेळात सभागृहात त्यांचं निवृत्तीचं व्याख्यान होतं: बडोद्याच्या बुजलेल्या वावी. जमिनीत पायऱ्या उतरत जाणाऱ्या त्या जुन्या विहिरींचे फोटो जमवण्यात सरांनी निम्मं आयुष्य घालवलेलं. ते सगळे फोटो या लॅपटॉपात, आणि फक्त या लॅपटॉपात. मी पेनड्राइव्हचा विषय काढला, तर सर म्हणाले, "पेनड्राइव्ह आता कोण वापरतं?" हे वाक्य त्यांच्या अमेरिकेतल्या मुलाचं होतं. लॅपटॉपही त्याचाच.

"पिन टाका की सर."

"टाकला. जन्मतारीख टाकली, लग्नाची टाकली, नोकरीला लागल्याची टाकली. आता तो पिन घेतच नाही म्हणतोय."

म्हणजे उरला चेहरा. मी विचारलं, "चेहरा कधी दाखवलात याला?"

"गुरुपुष्याला. मुहूर्त पहाटेचा होता. चिरंजीव तिकडून व्हिडिओवर, ही निरांजन घेऊन शेजारी. आधी लॅपटॉपला कुंकू लावलं, मग मला, मग म्हणाला, बाबा, कॅमेऱ्यात बघा. बघितलं."

बरोबर. आमच्या बडोद्यात सोनं असो, स्कूटर असो की मिक्सर, गुरुपुष्याला घरात येतो. मिक्सरला चेहरा दाखवावा लागत नाही, एवढाच फरक. मी शिपाईभाईंच्या गणपतीपुढचं कुंकू आणून सरांना टिळा लावला. ओळखलं नाही. चष्मा काढला. नाही. पहाटेची वेळ म्हणून केस विस्कटले, कोट उतरवला, खांद्यावर टॉवेल टाकला. सर आता घाटावरून पळवून आणल्यासारखे दिसत होते, पण लॅपटॉपचं एकच: हे तुम्ही वाटत नाही.

"सर, आठवा. त्या पहाटे अजून काय वेगळं होतं?"

सर आठवायला लागले आणि एकदम त्यांचा चेहरा पडला. शिपाईभाईंना म्हणाले, "भाई, चहा लई आवो ने." भाई गेले. सरांनी दाराला कडी लावली, भिंतीकडे तोंड केलं, रुमाल काढला. वळले तेव्हा गाल आत गेलेले, हनुवटी नाकाच्या भेटीला निघालेली. लॅपटॉपनं क्षणात ओळखलं. स्वागत आहे.

मुहूर्त दातांच्या आधीचा होता.

आता हे कोणाचे दात, ते सांगायला हवं. सर भाकरवडी अशी फोडायचे, की मकरपुऱ्यातल्या कारखान्यात पत्रा कापताहेत असं वाटावं. वर प्रवचन. "बाभळीची काडी. आयुष्यात दुसरं काही तोंडात घातलं नाही." या प्रवचनाची मुख्य श्रोती म्हणजे मानसशास्त्राच्या बाई. त्यांची दाढ दुखायची, म्हणून त्या भाकरवडी चहात बुडवून खायच्या. सर दर वेळी सगळ्यांदेखत म्हणायचे, "बाई, बुडवतात ती खारी. भाकरवडी चावतात." बाई पुढची भाकरवडी बुडवायच्या.

सरांनी दात बसवले आणि मला म्हणाले, "हे त्या बाईंना कळलं, तर मी बडोदं सोडीन."

"सर, माझ्या पोटात अख्खा गिरनार मावतो."

"तुझ्या तोंडातून तो बाहेरही येतो. म्हणून सांगतोय."

पण खरी अडचण पुढेच होती. गेल्या आठवड्यात विद्यापीठानं सगळ्या मशीनांना नवं सॉफ्टवेअर बसवायला लावलं होतं. जरा वेळ हात लागला नाही की मशीन कुलूप लावून घेतं आणि पुन्हा चेहरा मागतं; ते बंद करायला किंवा नवा चेहरा दाखवायला पिन लागतो. सभागृहाच्या प्रोजेक्टरला जोडायला सरांच्या लॅपटॉपातही ते टाकावं लागलं. टाकलं मीच, मोठ्या हौसेनं. तोवर तो कुलूप लावतच नव्हता, आणि नंतर सरांनी तो आजच उघडला. तेव्हा ठरलं असं, की सर बोलणार आणि मी शेजारी बसून माउस हलवत राहणार.

सभागृह भरलं होतं. बाई पहिल्या रांगेत, सरांच्या घरच्या वहिनी त्यांच्या शेजारी. सर रंगले. एक-एक वाव पडद्यावर यायची, सर पायऱ्या उतरल्यासारखे खाली-खाली जात बोलायचे. मी माउस गोल फिरवतोय. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. देवळात घंटा हलवणाऱ्यानं एवढी निष्ठा दाखवली नसेल.

आणि माझं घड्याळ थरथरलं.

ते मुलीनं दिलेलं. पावलं मोजतं, झोप मोजतं, उठून जरा चाला म्हणून आज्ञा करतं. त्यानं माझा फिरणारा हात पाहिला आणि त्यावर काही बारीक अक्षरं आली. ती वाचायला चष्मा लागतो आणि चष्मा होता खिशात. एक हात खिशात, दुसरा तोंडासमोर. वाचलं: व्यायाम करताय का? 'नाही' कुठे दाबायचं ते शोधत होतो, तेवढ्यात पडदा काळा झाला.

सर तेव्हा शेवटच्या फोटोवर होते. त्या वावीवर आता इमारत उभी आहे. हा एकच फोटो उरलाय, आणि तो दाखवण्यासाठीच बाकीचं सगळं व्याख्यान होतं. पडद्यावर सभागृहाच्या भिंतीएवढी अक्षरं: तुम्हाला शोधत आहे.

विद्यार्थी हसले. सरांनी लॅपटॉपपुढे तोंड नेलं. हे तुम्ही वाटत नाही. आता जास्त हसले. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळाकडे पाहिलं. सरांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं, मग त्या अक्षरांकडे. मला वाटलं, आता म्हणतील, धन्यवाद, चहा घेऊन जा.

त्यांनी रुमाल काढला. या वेळी भिंतीकडे वळलेसुद्धा नाहीत.

फोटो आला. पाण्यापर्यंत गेलेल्या पायऱ्या, कठड्यावर घागर टेकवून बसलेली कोणी बाई. पुन्हा कुलूप लागेल या धास्तीनं सरांनी दात परत बसवलेच नाहीत. रुमाल मुठीत धरून, तसेच, शेवटपर्यंत बोलले. निम्मे शब्द वाऱ्यावर गेले. पण कोणी हसलं नाही, आणि मी दोन्ही हातांनी माउस हलवत होतो.

मग बाहेर चहा. टेबलावर परातभर भाकरवडी. सर दात बसवून, बशी घेऊन सरळ बाईंसमोर जाऊन उभे राहिले. आजूबाजूचे पुढे झुकले. मीही ऐकू यावं म्हणून जवळ सरकलो.

"बोला बाई," सर म्हणाले. "काय बोलायचं असेल ते बोलून टाका."

बाईंनी आपला कप टेबलावरून त्यांच्याकडे सरकवला.

"बुडवून खा," त्या म्हणाल्या. "मऊ पडते."