मुक्या सिनेमातली शिंक

सगळ्यात आधी कोण टपकलं असेल? शेजारची सुमन. आमच्या दारात गाडी थांबली की ही हजर.

"काकू, तेजूला बघायला आले का कोण?"

म्हटलं, "तेजूला नाय गं, तिच्या पणजीला!"

तेजू माझी नात. पणजी म्हणजे माझ्या सासूबाई. मी आत्याबाई म्हणायचे. आज त्यांची पुण्यतिथी.

आत्याबाई लहानपणी एका मुक्या सिनेमात होत्या. नदीच्या काठी शूटिंग झालं, मी त्यात शिंकले, म्हणायच्या.

कोणाचा विश्वास नाय. फोटो नाय, सिनेमाचं नाव आठवेना.

सासरे चिडवायचे, "मुक्या सिनेमात शिंकलीस? मग ऐकू कोणाला गेली गं?"

आत्याबाई शेवंती ओवत बसायच्या.

पण नातवंडांना भरवताना तीच गोष्ट. लेक सासरी निघते. टांगा जुंपतात. परकरातली पोरगी शिंकते! अपशकुन झाला म्हणून थोरली काकू टांगा थांबवते. तिकडे नदीला पूर येतो, लेक वाचते.

मागच्या महिन्यात तेजू फोनवर आलेलं मोठ्यानं वाचत होती. एक मॅडम हरवलेला सिनेमा शोधताहेत. तो एका जुन्या कादंबरीवरून काढलेला, म्हणून त्यांनी कादंबरीची गोष्टच टाकली होती.

मी मेथी निवडत होते. टांगा जुंपला म्हटल्यावर हात थांबला.

"थांब. पुढं पोरगी शिंकते."

"आजी, तू कधी वाचलीस कादंबरी?"

मी कुठली वाचते! तिसरीत शाळा सुटली माझी.

तेजूनं लगेच मेसेज केला. आज मॅडम आल्या, कादंबरी घेऊन. शिंकेचं पान वाचून दाखवलं. मग लॅपटॉप उघडला. त्यांच्याकडे रिळाचा एक तुकडा, नावगाव नसलेला.

मॅडम म्हणाल्या, "आजी, यात मुलगी रडतेय. म्हणून कादंबरीशी जुळत नाही."

"रडत नाय हो! चिमटीत तपकीर आहे बघा. खरी शिंक यावी म्हणून दिली होती. आत्याबाई सांगायच्या."

पुन्हा लावलं. पोरीनं मान मागं टाकली, शिंकली, अन् डावा कान ओढला.

आत्याबाई म्हातारपणीही शिंकल्या की अशाच ओढायच्या!

मॅडमनी माझे हात धरले. दोघींच्या डोळ्यांत पाणी, अन् सुमन म्हणते, "काकू, आवाज वाढवा ना!"

इतके हसलो, चहा उतू गेला.

आत्याबाई, तुम्ही थापा नव्हत्या मारत. आज घरादारानं पाहिलं. पाया पडते.

मॅडम मोठा पडदा घेऊन परत येणार आहेत, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. दिवस मीच सांगितला. त्या दिवशी आपली गेलेली माणसं जेवायला घरी येतात.