शेडवरचं वाचन

माझी लेक चौथीत होती तेव्हाची ही गोष्ट. नव्वद साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. तेव्हा चौथीतही नापास करत. मी स्वतः चौथीपर्यंतच शिकलेली. माहेर कोयनेकडचं, लग्न होऊन तासगाव भागात आले. लेकीनं माझ्यापेक्षा एक इयत्ता तरी पुढं जावं, एवढंच मनात होतं.

द्राक्षांच्या हंगामात मी बेदाण्याच्या शेडवर निवडायला जायचे. परातीत बेदाणा घ्यायचा, काड्या आणि काळे मणी वेचून काढायचे. डोळे आणि बोटं गुंतलेली, कान मोकळे. सकाळची शाळा करून लेक तिथंच यायची आणि पोत्यावर बसून पुस्तक उघडायची. मी म्हणायचे, "वाच, मी ऐकती." ती वाचायची. कुठं अडखळायची नाही.

शेजारी बसणारी बाई म्हणायची, "लय हुशार हाय गं तुझी पोरगी. उद्या मोठी झाली की आपल्याला वळखायची बी न्हाई." मला बरं वाटायचं.

शिमग्याच्या आधी शाळेत पालकांना बोलावलं. घरचे मालक मिलिटरीत, म्हणून मला जावं लागलं. मी मागं भिंतीला टेकून बसले. लेकीच्या वर्गाच्या बाई अभ्यासात कच्च्या असलेल्या पाच मुलांना शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबवून घेत. त्यांत माझी लेक होती. बाई म्हणाल्या, "हिला अजून वाचता येत नाही. घरी कुणी बघतं का?"

सगळ्यांनी वळून माझ्याकडं पाहिलं. चारचौघांत मी कधी बोलत नाही. पण त्या दिवशी बोलले. "आवं बाई, घरात तर खडाखडा वाचती की."

पुढं बसलेला एक जण हसला. "मग शाळेतच दातखीळ बसती म्हणायची."

बाईंनी हातातल्या यादीवर नजर टाकली. मग म्हणाल्या, "घरी वाचत असेल तर थांबवायला नको. वर्गात अंग चोरते एवढंच."

दुसऱ्या दिवसापासून लेक लवकर यायला लागली. म्हणाली, "मला आता थांबवत न्हाईत." मी म्हणाले, "बरं झालं की."

आठवडाभरानं एकदा घाम डोळ्यात गेला म्हणून मी मान वर केली. लेकीच्या तोंडात धडा चालू होता आणि नजर बाहेर जाळीवर वाळत घातलेल्या द्राक्षांवर. मांडीवरचं पान दुसऱ्याच धड्याचं होतं. मी एका शब्दावर बोट ठेवलं.

"ह्यो कुठला शब्द?"

तिनं धडा पहिल्यापासून म्हणायला सुरुवात केली.

"तसं न्हाई. एवढाच सांग."

तिला तो एकटा शब्द सांगता येईना. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. वर्गात सगळी पोरं मिळून धडा म्हणत, तो ऐकून तिनं पाठ केला होता. सगळे धडे तसेच.

शेजारणीनं विचारलं, "काय झालं गं?"

"काय न्हाई," मी म्हणाले. लेकीला म्हणाले, "म्हण पुढं." आणि परातीत मान घातली.

परीक्षेला अजून महिना होता. शाळा शेडच्या वाटेवरच. बाईंना एवढंच सांगायचं होतं की मी चुकीचं बोलले, हिला परत थांबवा. रोज फाटकापर्यंत जायचे. आज बाई कुणाशी बोलतायत, आज मलाच उशीर झालाय, असं म्हणून पुढं जायचे. खरं कारण वेगळं होतं. आई चौथी शिकलेली आणि पोरीला वाचता येतं का नाही तेही कळलं नाही, असं लोक म्हणतील, याची लाज वाटत होती. त्या लाजेपायी महिना घालवला.

लेक नापास झाली. तिच्या बरोबरीच्या मुली हायस्कूलला पाचवीत गेल्या.

तेव्हा कुठं मी बाईंकडं गेले आणि सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मीही तिला एकटीला नवा धडा देऊन बघायला हवं होतं. तुमच्या शब्दावर गेले." मग म्हणाल्या, "आता ती वाचताना हातात काम घेऊ नका. शब्दाखाली बोट धरा आणि बघा."

पुढचं वर्षभर बाईंनी तिला रोज थांबवलं. घरी मी अर्धा तास हात रिकामे ठेवून बसायचे. ती एकेक अक्षर लावत, अडखळत वाचायची. अडखळली की मला आता धीर यायचा, खरंच वाचतेय म्हणून. वर्षाच्या शेवटी ती पास झाली.

आठवीत असताना तिनं एकदा विचारलं, "आये, शेडवर शब्दावर बोट ठेवलंस, त्या दिवशीच तुला कळलं व्हतं न्हवं?"

मी भाकरी थापत होते. मान वर न करता म्हणाले, "न्हाई गं. मला काय कळतंय त्यातलं."

ती दप्तर आवरायला गेली.