अन्नाचा कण

मागच्या वर्षी माझ्या हृदयाच्या नळीत जाळी बसवली, तेव्हापासून बीडच्या डॉक्टरांकडे माझे हेलपाटे सुरू आहेत. मध्यंतरी ते म्हणाले, "मावशी, एक नवी तपासणी आहे. अन्न पचून रक्तात जे बारीकसारीक पदार्थ उतरतात, ते मोजले की धोका किती, याचा अंदाज येतो. फक्त उपाशीपोटी या." कसला धोका, ते काही बोलले नाहीत. मरणाचा म्हणा की सरळ! मी काय कुकुलं बाळ आहे?

तो दिवस नेमका एकादशीचा. सकाळी ताटलीभर साबुदाण्याची खिचडी खाल्ली, वर शेंगदाण्याचा लाडू, आणि केजहून पहिली एसटी धरली.

सिस्टरनं विचारलं, "उपाशी आहात ना?"

"उपासच हाय बाई. अन्नाचा कण न्हाई पोटात."

खोटं कुठं बोलले? साबुदाणा काय अन्न असतं?

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. धोका जास्त. डॉक्टरांनी पुण्याला माझ्या मुलाला कळवलं. त्याचा लगेच फोन. "आई, शुक्रवारी येतो. आठ दिवस राहतो." जाळी बसवली तेव्हा तो दवाखान्यातूनच परत गेला होता, घरी आलाच नव्हता. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! मरणाचं भ्यावच वाटलं नाही. गादी उन्हात टाकली, त्याच्यासाठी शेंगदाण्याची चटणी कुटली. शेजारणीनं आवाज ऐकून विचारलं, "कावून गं, पाव्हणे येनार का?"

"पोरगा येतोय माजा!"

गुरुवारी सिस्टरचा फोन आला. डॉक्टरांना रिपोर्टची शंका आली होती. "मावशी, खरंच काही खाल्लं नव्हतं?"

"न्हाई गं. खिचडी तेवढी."

ती आधी हसली, मग रागावली. परत रक्त द्यायचं ठरलं. मुलालाही कळलं. "आई, तू पण ना! मग सुट्टी आता दिवाळीला ठेवतो."

या खेपेला नुसतं पाणी पिऊन गेले. रिपोर्ट छान आला. सगळे खूश झाले. मी गादी गुंडाळून ठेवली. चटणी एकटीला संपेना. त्या चांगल्या रिपोर्टचा मला लई राग आला, आणि रडूही.

डॉक्टरांनी परत तीच तपासणी सांगितलीय, ती उद्या आहे. एकादशी-बिकादशी काही नाही. तरी साबुदाणा भिजत घातलाय.