वैद्याने फॉरमॅट मारला नाही

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या त्या गड्याला बाजारात सगळे ‘वैद्य’ म्हणत. हे नाव त्याला फार आवडे आणि नावाला जागायचं म्हणून तो नको तिथेही हट्टाला पेटे. मशीन सुरू होईना, काळ्या पडद्यावर ‘अमुक फाइल सापडत नाही’ एवढंच दिसू लागलं, की इतर दुकानदार सरळ फॉरमॅट मारत, म्हणजे डिस्क पुसून सगळं नव्याने बसवत. “बोट दुखलं की हात कापणारी माणसं ही,” वैद्य म्हणायचा. त्याच्याकडे धडधाकट मशीनमधून काढून ठेवलेल्या सिस्टिम फाइल्स असायच्या. नेमकी हरवलेली फाइल हुडकून तो तिच्या जागी बसवायचा आणि मशीन चालू व्हायचं. एवढ्यापुरता तो खरोखरच हुशार होता.

त्याची वहिनी कॉम्प्युटरवर चालणारं भरतकामाचं मशीन चालवायची. थोरला भाऊ गेल्यावर घर तिच्या सुईवर उभं राहिलं, वैद्याचं शिक्षणही त्यातच झालं. शाळांचे बिल्ले, हॉटेलांच्या टॉवेलांवरची अक्षरं, बाळांच्या दुपट्यांवरची चित्रं, सगळ्यांचे टाके तिने एकेक करून कॉम्प्युटरवर मांडले होते. ते डोळे चांगले असतानाचं काम. आता दोन्ही डोळे अधू झाले होते. नवी नक्षी मांडणं जमत नव्हतं, पण जुनी मशीनला दिली की भागत होतं.

एका सकाळी तिचा कॉम्प्युटर रुसला. वैद्य गेला, एक फाइल बसवली आणि हात झटकून उठला.

“अरे, माझी नक्षी सगळी आहे ना?” तिने विचारलं.

“मी असताना तुला कसली काळजी, वहिनी?”

इथेच ती नक्षी दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवायला हवी होती. गिऱ्हाइकाचं मशीन असतं तर त्याने आधी तेच केलं असतं, कारण गिऱ्हाईक भांडतं. वहिनी थोडीच भांडणार होती? घरचं काम, म्हणून ते उद्यावर गेलं आणि उद्यावरच राहिलं.

थोड्या दिवसांनी दुसरी फाइल बिघडली, मग तिसरी. अशा एकामागून एक फाइल्स बिघडतात तेव्हा दुखणं फाइलचं नसतं, डिस्कच मरणाला टेकलेली असते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तसा हा प्रकार. पण दर वेळी मशीन सुरू व्हायचं, वहिनी कौतुक करायची आणि याच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. शेवटी एकदाचा सोक्षमोक्ष लावावा म्हणून त्याने सगळी डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासायला लावली. अखेरची घरघर लागलेल्या माणसाला जिना चढायला लावावं, तसं झालं. अर्ध्यावर डिस्क खटखटली आणि गप्प झाली. गेलेलं परत काढून देणाऱ्या तज्ज्ञांनीही हात टेकले.

“सगळं गेलं, वहिनी. माझ्यामुळे गेलं.”

ती बराच वेळ भरतकामाच्या मशीनवर नुसता हात फिरवत राहिली. मग म्हणाली, “तू काय मुद्दाम केलंस? जेवून जा.”

वैद्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर तो निदान जेवला असता.

बिल्ल्यांचं काम दुसरीकडे गेलं, त्यामागून टॉवेलांचंही. मशीन मिळेल त्या किमतीला विकलं. आता वहिनी पँटींना चेन बसवते, बाह्या आखूड करते, सगळं बोटांच्या अंदाजाने. वैद्य रोज जातो आणि तिला सुईत दोरा ओवून देतो. त्याच्या हातून होण्यासारखं एवढंच उरलं आहे.

परवा तो दोरा ओवत असताना एक बाई आली. तिच्या हातात धुऊन धुऊन विरलेलं दुपटं होतं, त्यावर पिवळं बदक.

“थोरल्याच्या वेळी इथूनच भरून घेतलं होतं. धाकटीसाठी अगदी असंच हवंय.”

वहिनीने दुपटं जवळ घेतलं. बदकाच्या पाठीवरून, चोचीवरून, पंखाच्या बारीक टाक्यांवरून तिचं बोट सावकाश फिरलं. वैद्याने मान खाली घातली.

“हे काम माझं नव्हे, बाई,” दुपटं नीट घडी करून परत देत वहिनी म्हणाली. “तुमची काहीतरी चूक होतेय. इथे असलं काम कधीच होत नव्हतं.”