मैसूरची एक सही आणि वंदनाचा निसटलेला गडी

एका बड्या फलंदाजाने (नाव सांगत नाही, तोही माझं सांगणार नाही) दुखापतीनंतर मैसूरला चार दिवसांचा सामना खेळायचं ठरवलं आणि इकडे सांगलीत मी रजेचा अर्ज टाकला.

"लोक देवदर्शनाला रजा टाकतात," माझी बायको वंदना म्हणाली.

"तूही चल. चामुंडीच्या टेकडीवर जाऊन ये, दोघांचंही पुण्य जमा होईल."

बेळगावहून मैसूरची रात्रीची गाडी धरा, सकाळी ताजेतवाने पोचाल. उतरलो ते जाधवकाकूंच्या घरगुती खोलीत. भाडं हॉटेलच्या निम्मं, वर नाश्ता. काकूंचे पूर्वज मैसूरच्या राजाच्या घोडदळात होते. मराठी घरातच टिकलेली, त्यामुळे तिच्यात निम्मी कन्नड. "सुम्ने, उगाच धावू नका हो, तिंडी खाऊन जावा," म्हणत त्यांनी लोणी घातलेले डोसे पानात टाकले. मी एकच खाऊन पळालो. पश्चात्ताप क्रमांक एक.

मैदानात प्रवेश फुकट, सावली मात्र नशिबात असेल तर. खेळाडूंच्या फाटकापाशी मी दुपारपर्यंत भाजत उभा राहिलो. निळ्या टी-शर्टातला एक रुबाबदार माणूस बाहेर आला. मी चेंडू पुढे केला, त्याने सुवाच्य सही केली, माझ्या खांद्यावर थापही मारली. शेजारच्याने सांगितलं, हा संघाचा मालीशवाला. संध्याकाळी खरा फलंदाज आला. फोनवर बोलत, माझ्याकडे न बघता त्याने चेंडूवर पेन टेकवलं. पेन चामड्यावरून घसरलं. उमटली एक रेघ आणि तिला शेपटी. चेंडूवर सही घ्यायची तर मार्कर न्या, हा सल्ला मला आधी कुणी दिला नाही. तुम्हाला फुकट देतोय.

विजयी मुद्रेने परतलो, तर वंदना ओट्याशी उभी.

"तुमच्या मिसेस खो-खो खेळायच्या, सांगितलं नाही तुम्ही?" काकू म्हणाल्या. "आमच्या ओळखीतली मंजुळा पण कर्नाटकाकडून खेळलेली. इथून जवळ वरुणा म्हणून गाव आहे, त्या बाजूला पोरींना शिकवते."

मला नाव ऐकून माहीत होतं. लग्नाआधीच्या एका अंतिम सामन्यात, शेवटच्या क्षणी, वंदनाने याच मंजुळावर सूर मारला होता. पंचांनी गडी बाद दिला नाही. महाराष्ट्र हरला, वंदनाचा गुडघा गेला आणि खेळही संपला. त्यावर ती एवढंच म्हणायची, "हात लागला होता." आम्ही घरचे मान डोलवायचो. आजारी माणसापुढे डोलवतात तशी.

"उद्या जायचंय मला," ती म्हणाली.

आणि तेव्हाच माझ्या एका सहीवेड्या मित्राचा मेसेज आला: उद्या सकाळी संघाच्या हॉटेलात फलंदाज निवांत सह्या देणार, ओळख काढलीय, ये. अशी संधी जन्मात एकदा येते. मी वंदनाकडे पाहिलं. ती साडीऐवजी सलवार-कमीज काढून ठेवत होती, सामन्याला निघाल्यासारखी. मित्राला कळवलं, पोट बिघडलंय.

सिटी बसस्टँडवरून वरुणाकडे बस मिळते. कर्नाटकच्या बायकांना तिकीट नाही. काकूंनी आधार कार्ड दाखवलं आणि ऐटीत बसल्या. आम्ही परराज्यातले, आम्ही काढलं. दोन्ही बाजूंना ऊस आणि भात. माझ्या डोळ्यांपुढे हॉटेलची लॉबी.

शाळेच्या मैदानावर मंजुळा पोरींवर ओरडत होती. उंच, केस पिकलेले. वंदनाला बघून ती थांबली. नाव सांगावं लागलंच नाही. नमस्कार नाही, चहा नाही, वंदनाने थेट विचारलं, "हात लागला होता का?"

काकूंनी कन्नडमध्ये विचारलं. मंजुळाने स्वतःच्या पाठीवर, खांद्याच्या जरा खाली, बोट ठेवलं आणि काहीतरी बोलली.

"अय्यो देवरे!" काकू म्हणाल्या. "लागला होता म्हणतीय! इथं!"

वंदनाचे डोळे भरले. "मग बोलली का नाहीस?"

काकूंनी विचारलं. मंजुळाचा उलटा प्रश्न आला. "ती म्हणतीय, तू बोलली असतीस?"

वंदनाने खरंच विचार केला. "नाही," ती म्हणाली. "मेले असते तरी नाही."

याचा अर्थ काकूंना सांगावा लागला नाही. दोघी हसायला लागल्या त्या मैदानात फतकल मारून बसेपर्यंत. मी भारावून वही-पेन पुढे केलं, दोघींची सही एकाच पानावर! वंदना म्हणाली, "ठेवा ते आत." ठेवलं.

तेव्हा मैसूरहून आणलेल्या सह्या दोन, त्यातली वाचता येते ती मालीशवाल्याची. हॉटेलात मित्राला फलंदाजाने नावासकट सही दिली, सोबत फोटो. तो अधूनमधून मला पाठवतो. जळतो का मी? जळतो. पण "हात लागला होता" हे वाक्य आमच्या घरात आता वंदना म्हणत नाही. तिला गरज उरली नाही. आम्ही मात्र ते पाहुण्यांना सांगत सुटलोय.

पुढच्या महिन्यात मंजुळा तिच्या पोरी घेऊन सांगलीला सामन्याला येतेय. जेवणाची व्यवस्था माझ्याकडे, का ते विचारू नका. कोण जिंकणार यावरून दोघींचं फोनवर आत्तापासून भांडण जुंपलंय. हिला कन्नड येत नाही, तिला मराठी. तरी एकीचाही शब्द दुसरी खाली पडू देत नाही.