मावशीचा उजवा अंगठा

वारंगा फाट्यावरच्या मावशीने उजव्या अंगठ्याला कधी मिरची लागू दिली नाही. ठेचा वाटायचा तर डाव्या हाताने, तिखट टाकायचं तर चमच्याने, आणि कांदा चिरतानाही तो अंगठा रुसलेल्या जावयासारखा बाजूला. मी नवी सून म्हणून फाट्यावर आले तेव्हा मला वाटलं, बाईच्या हाताला काही तरी लागलंय. सासूबाई म्हणाल्या, "लागलं बिगलं काही न्हाई. तो आंगठा लेकरांच्या तोंडात जातो."

मावशी पडजीभ उचलायची. घसा दुखला, घोट गिळवेना, की आमच्याकडे पडजीभ पडली म्हणायचे आणि पंक्चरच्या दुकानामागच्या तिच्या पत्र्याच्या घराकडे निघायचे. ती आधी तोंडाचा वास घ्यायची. मग हळद-मिठात बुडवलेला अंगठा आत घालून पडजीभ वर दाबायची आणि दुसऱ्या हाताने टाळूवरचे केस असे ओढायची की डोळ्यांतून पाणीच. "गीळ," म्हणायची. गिळलं की झालं. चांगले मिशीवाले ट्रक ड्रायव्हर तिच्यापुढे आ करून बसायचे. बहुतेक घसे चार दिवसांत आपले आपणच बरे होतात, हे आज मला ठाऊक आहे. तेव्हा ते सगळं पुण्य अंगठ्याच्या नावावर जमा व्हायचं.

तिचं तोंड मात्र अंगठ्याहून कडक. "बर्फाचे गोळे चोखता, कच्च्या चिंचा खाता, अन् मंग मावशी आठवते व्हय?" माझ्या लेकाला, राहुलला तर ती दारातूनच दटावायची. वर आम्हा बायकांना सांगायची, "गळा म्हंजी घराचा उंबरा. जे काय आत यायचं, ते तिथूनच येतं."

तिचे लेक-जावई वसमतला हळदीच्या कामावर. नातू पिंट्या तिच्याजवळच असायचा. राहुलच्या वयाचा, दोघांची गोट्यांवरून रोज मारामारी. सिस्टर लस द्यायला आली की मावशी त्याला दुकानातल्या टायरांमागे लपवायची. "चांगल्या लेकराला टोचून ताप आणायचा, हा कुठला इलाज? माझा आंगठा हाय ना," म्हणायची. सिस्टर बिचारी घसा कोरडा करून परत जायची.

एका थंडीत पिंट्याचा घसा धरला. मावशीने पडजीभ उचलली. दुसऱ्या दिवशी त्याचा आवाज बसला, तिने पुन्हा उचलली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिची हाक ऐकून मी धावले, तर पोराची मान सुजून गालाच्या रेषेत आलेली आणि घशात दुधावरच्या सायीसारखं पांढरट काही तरी. "सकाळी दूध पेला ना, त्याची साय हाय," ती म्हणाली आणि अंगठ्याने ती साय पुसायला गेली. साय निघाली नाही. अंगठ्याला रक्त आलं.

माझ्या नवऱ्याने काळीपिवळी जीप रिकामी करायला लावली आणि आम्ही नांदेडला निघालो. पिंट्याचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. मावशी बाटलीच्या झाकणाने त्याच्या ओठांना पाणी लावायची, ते तसंच ओघळायचं. "गीळ रे माझ्या राजा, एक घोट गीळ," एवढंच ती म्हणत राहिली. ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढत नव्हता. मी देवाला काय काय कबूल केलं, मलाही आठवत नाही. माझ्या मनात पिंट्याबरोबर राहुलही होता, हे खोटं कशाला सांगू?

दवाखान्यात नेलं तेव्हा पोर गेलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, घटसर्प. लस दिली होती का, असं त्यांनी विचारलं. मावशीने अंगठा पुढे केला. "साहेब, ह्यानं झालं का?"

"नाही हो आजी. अंगठ्याने नाही होत."

"मंग आंगठ्यानं गेलं काहून न्हाई?"

मी तिला धरून बाहेर आणलं.

फाट्यावरच्या सगळ्या पोरांना मग सुया टोचल्या, गोळ्या दिल्या. घराघरांतून पोरं ओढून आणायला मावशीच फिरत होती. रडणाऱ्या पोराला ती दोन्ही हातांनी धरायची, पण तोंडाकडे बघायची नाही.

पुढे उन्हाळ्यात राहुलचा घसा दुखला आणि सवयीने माझे पाय तिच्याच दाराशी गेले. ती पाट्यावर मिरची वाटत होती, उजव्या हाताने. अंगठा मुळापर्यंत लालभडक. "काहून आलीस?" राहुलकडे बघून तिला कळलंच. तिने तो अंगठा माझ्यापुढे धरला. "हा आता कुणाच्या तोंडात जात न्हाई. जीप बघ." आमच्याबरोबर ती कळमनुरीला आली. डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं, साधा घसा आहे म्हणाले, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगितल्या. परतताना तिचं एकच, "साय न्हाई ना? बराबर बघितलं ना त्यानं?" मी व्हय म्हणत राहिले आणि ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली.

त्यानंतर ती बरीच वर्षं जगली. घरात वाटायला काही नसलं तरी सकाळी उठून अंगठा तिखटाच्या डब्यात बुडवायची. कातडी फुटली, नख काळं पडलं. मी एकदा हात धरला, "मावशी, पुरे आता." ती म्हणाली, "कुणी लई गयावया केली तर माझं मन पघळंल, बाई."

ती गेली तेव्हा तिला अंघोळ मी घातली. तो अंगठा साबणाने दोनदा धुतला. मग डोळ्यांना पाणी आलं म्हणून हाताने पुसलं, तर डोळे झोंबायला लागले.